चि. मुग्धास, पॅच पाठवताना

चि. मुग्धा हिस अनेक आशीर्वाद.

तुमच्या रॉकेट क्लबचे जॅकेटवर लावायचे कापडी पॅच दोऱ्याने भरून झाले असून उद्या फोंड्याहून कुरिअरने निघतील. पॅचवर तुम्हा सगळ्यांची नावे घालण्यावरून चवथीत आपले वाजले आणि तू गणपतीवरची माटोळी उतरवण्याआधीच निघून गेलीस. तुला नको होती, म्हणून नावे घातलेली नाहीत. अपोलो ११ च्या तिघा अंतराळवीरांनीही १९६९ साली आपल्या पॅचवर ती घातली नव्हती, कारण त्या यशात हजारोंचा वाटा होता. त्या पॅचवरच्या गरुडाच्या चोचीतली ऑलिव्हची डहाळी नख्यांत दिली गेली, कारण रिकाम्या नख्या हल्लेखोर वाटत होत्या. एवढा विचार त्या चार बोटांच्या कापडामागे असतो, हे वाचून मला फार बरे वाटले.

तुमच्या पॅचवरची ज्वाळा मात्र आधी भरवेना. २७ जानेवारी १९६७ रोजी ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी हे तिघे अपोलो १ च्या यानात आग लागून गेले, तेही जमिनीवरच्या चाचणीत. त्यानंतर अंतराळवीरांच्या पोशाखावरचे पॅच दोऱ्याने न भरता काचतंतूंच्या, न पेटणाऱ्या बीटा कापडावर छापू लागले. माझा दोरा पॉलिएस्टरचा आहे. ठिणगी पडली की तो वितळून कातडीला चिकटतो. म्हणून रॉकेटची मोटर पेटवून पाहाल त्या दिवशी पॅचचे जॅकेट काढून ठेव, सुती कपडे घाल आणि लांब उभी राहा. नरकासुर जाळण्याच्या रात्री काकांचे काय झाले ते तू पाहिले आहेस.

पुन्हा उपदेश झाला, रागावू नकोस. लहानपणी तू माझी रिळे एकावर एक रचून यान करायचीस आणि केशरी रीळ नेहमी तळाशी ठेवायचीस. तोच केशरी दोरा मी ज्वाळेला घेतला, साटन टाका दाट घातला आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हे माझ्या मुलीच्या रॉकेटचे आहे म्हणून दाखवले.

१९६५ साली जेमिनी ५ या आठ दिवसांच्या अंतराळ मोहिमेच्या पॅचवर ‘आठ दिवस, नाहीतर फजिती’ अशा अर्थाचे शब्द होते, तेव्हा नासाच्या प्रमुखांनी आठ दिवस पुरे होईपर्यंत ते कापडाने झाकायला लावले. मला ते योग्य वाटते. तुम्हीही आधी घोषणा करून मग हट्टापायी मोटरजवळ जाऊ नका.

कडेचा टाका सुटला तर दोरा ओढू नकोस, कापून टाक. चाचणीची तारीख कळव आणि त्या संध्याकाळी आधी फोन कर; पॅच कसे दिसतात ते नंतर सांगितलेस तरी चालेल.

तुझी,
आई