नाताळ बर्फावर ठरत नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कालच्या रविवार पुरवणीतला नाताळच्या चित्रपटांवरचा लेख वाचला आणि राहवले नाही म्हणून लिहीत आहे. लेखकाने मेहनत घेतली आहे, त्याबद्दल वाद नाही. पण बर्फ, सजवलेले झाड आणि सांताक्लॉज असल्याशिवाय चित्रपट नाताळचा वाटतच नाही, हे त्यांचे म्हणणे मला अजिबात मान्य नाही. आम्ही वसईकर. केळीच्या बागांमधून मध्यरात्रीच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, जाताना स्वेटर चढवावा लागतो, एवढीच आमची थंडी. घरोघरी येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा असतो, दारात चांदणी लागते. बर्फावाचून आमच्या सणाचे आजवर काही अडलेले नाही.

मुख्य राग आला तो ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ या जुन्या अमेरिकी चित्रपटाला यादीत तळाला टाकून ‘पहिला तासभर नाताळ दिसतच नाही’ असा शेरा मारल्याचा. मुळात हा चित्रपट सुरू होतो तोच नाताळच्या आदल्या रात्री नायक जॉर्ज बेलीसाठी गावभर चाललेल्या प्रार्थनांनी. पण ते असो. गेल्या डिसेंबरात आमच्या संकुलाच्या सभागृहात हाच चित्रपट लावला होता. आयोजकांनी नेमके हेच कारण सांगून बराचसा चित्रपट पळवला आणि जीव द्यायला निघालेला जॉर्ज जिथे येतो, त्या बर्फातल्या पुलापासून थेट सुरुवात केली. मी उठून विनंती केली, तर ‘काका, मुलं कंटाळतात’ असे सांगून मला बसवले. शेवटी सगळे गाव पैसे घेऊन आर्थिक संकटात सापडलेल्या जॉर्जच्या घरात शिरते, तेव्हा शेजारी बसलेल्या लहान मुलाने मला विचारले, ‘हे लोक त्याला पैसे का देतायत?’

त्याचे उत्तर गाळलेल्या भागात होते. औषधांच्या दुकानात काम करणारा पोरगा जॉर्ज. मालक गॉवर यांचा मुलगा इन्फ्लुएन्झाने गेल्याची तार आली आहे, दुःखाने आणि दारूने भान हरपून ते कॅप्सूलमध्ये विष भरतात. जॉर्जच्या ते लक्षात येते आणि तो औषध पोहोचवत नाही. म्हणून गॉवर त्याला मारतात, तेही नेमके त्या कानावर, जो धाकट्या भावाला गोठलेल्या पाण्यातून काढताना अधू झाला होता. कानातून रक्त येते. मग गॉवर ती भुकटी चाखून पाहतात आणि त्याच पोराला कवटाळून रडतात. हेच गॉवर अखेरीस उधारीची वसुली करून पैसे घेऊन येतात. हनिमूनसाठी ठेवलेले दोन हजार डॉलर जॉर्जने आपल्या पतसंस्थेच्या घाबरलेल्या ठेवीदारांना वाटून टाकले, तेही त्याच गाळलेल्या भागात. हे सगळे कापल्यावर शेवटी फक्त नोटांचा ढीग उरतो. संकटातल्या माणसाचे दार इतरांनी येऊन ठोठावणे, हा माझ्या लेखी नाताळ आहे, आणि तो त्या पहिल्या तासातच रुजतो.

बर्फाचेच म्हणाल, तर ज्या बर्फाचे कौतुक चालले आहे तो १९४६च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्नियाच्या उकाड्यात, आग विझवण्याचा फेस आणि साबण वापरून केलेला होता. नाताळचेच मानले जाणारे ‘मिरॅकल ऑन थर्टीफोर्थ स्ट्रीट’ १९४७च्या उन्हाळ्यात प्रदर्शित झाला, ‘डाय हार्ड’ १९८८च्या जुलैत. म्हणजे बर्फ आणि तारीख यांवर काहीच ठरत नाही.

लेखात १९४०चा ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ नाही, याचे तर वाईट वाटले. बुडापेस्टमधले दुकान, नाताळची आदली संध्याकाळ. मालक मातुशेक एकटे पडले आहेत. दुकानाबाहेर उभे राहून ते एकेका नोकराला विचारतात, आज रात्री काय बेत? प्रत्येकाला कुठे ना कुठे जायचे असते. शेवटी नवा पोऱ्या रूडी बाहेर येतो. त्याचे या शहरात कोणीही नाही. मग मातुशेक त्याला चिकन सूप, भाजलेले हंस, काकडीची कोशिंबीर असे एकेक पदार्थ सांगत जातात, पोराचा चेहरा उजळत जातो आणि दोघे जेवायला निघतात. नाताळ कशाला म्हणतात, ते मुलांना दाखवायला मला हा प्रसंग पुरेसा वाटतो.

आणखी एक. ‘वंडरफुल लाइफ’चे छायाचित्र तुम्ही रंगीत छापले आहे. चित्रपट कृष्णधवल आहे, ते रंग १९८०च्या दशकात नंतर चढवलेले. दिग्दर्शक फ्रँक काप्रा आणि नट जेम्स स्ट्युअर्ट या दोघांनीही अशा रंगकामाला जाहीर विरोध केला होता. तुमच्या दैनिकाने मूळ छायाचित्र मिळवून ते येत्या अंकात पुन्हा छापावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, वसई