दादा, तुमचं घड्याळ अजून माझ्याकडेच आहे

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

जिन्यात रोज भेट होते, तरी हे तोंडावर बोलायला जमलं नाही. दोनदा सुरुवात केली, दोन्ही वेळा घसा दाटला आणि तुम्ही विषय बदललात. म्हणून लिहितोय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण पत्र चारचौघांनी वाचावं असं वाटतं. त्या रात्री तुम्ही मला जे सांगितलंत, ते त्याआधी कुणीच सांगितलं नव्हतं. आणि ज्यांनी सांगायला हवं होतं, अशी माणसं थोडीथोडकी नव्हती.

लेक तेव्हा पाच आठवडे आणि चार दिवसांची होती. रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला तिचं रडणं सुरू व्हायचं, ते कधी अकराला थांबायचं तर कधी दीडला. दूध पाजून झालेलं, ढेकर काढलेली, डायपर कोरडा, अंग गार. खांद्यावर घ्या, हातावर पालथी धरा, घरभर फेऱ्या मारा, पंखा लावा, पंखा बंद करा. चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, पाय पोटाशी ओढलेले. बाळ असं रडायला लागलं की बापाला पहिल्यांदा वाटतं, हिला काहीतरी होतंय. मग वाटतं, मला हे जमत नाहीये. त्याच्यापुढे जे वाटतं, ते कुणी बोलत नाही.

डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी नीट तपासलं, वजन पाहिलं, 'बाळ छान आहे' म्हणाले. तेवढ्यापुरतं बरं वाटलं. मी विचारलं, मग इतकं का रडते? त्यांनी उत्तर दिलं ते माझ्या बायकोकडे बघून: 'सगळीच बाळं रडतात.' मी आणखी काही विचारणार तोवर पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं होतं. मित्रांचंही तेच. ज्यांच्या घरी मुलं होती, त्या सगळ्यांनी 'आता झोप विसर' म्हणत पाठीवर थाप मारली आणि हसले. त्यांच्याही घरात या रात्री येऊन गेल्याच असतील ना? मग एकालाही पुढचं वाक्य का बोलवलं नाही? त्याचा राग मला आजही आहे, तो लपवत नाही.

आणि ती चिठ्ठी. एका सकाळी दाराच्या फटीतून आत सरकवलेली होती: 'रात्री आवाजाचा त्रास होतो. कृपया काळजी घ्यावी.' बायकोच्या नजरेला पडू नये म्हणून मी ती खिशात घातली आणि दोन दिवस तशीच घेऊन फिरलो. तेव्हापासून लेकीनं तोंड उघडलं की माझं निम्मं लक्ष तिच्याकडे आणि निम्मं भिंतींकडे असायचं.

त्या रात्रीबद्दल मी एक गोष्ट आजवर फक्त बायकोला सांगितली आहे. आज इथे सांगतो.

तिचे सिझेरियनचे टाके अजून ओढत होते. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, हे कागदावर वाचायला सोपं असतं. जी पाजते तिला विचारा, दिवस कुठे संपला नि रात्र कुठे सुरू झाली. मी म्हटलं, 'तू झोप, मी बघतो.' ती आडवी झाली आणि पुढच्या क्षणाला झोपलेली होती. बाहेरच्या खोलीत मी लेकीला घेऊन उभा. तास झाला, सव्वा तास झाला. माझे हात तिच्या दोन्ही काखांत होते. मी तिला समोर धरलं आणि 'बास!' म्हणून ओरडलो. माझे अंगठे तिच्या छातीवर होते आणि ते रुतत चालले होते. मला ते दिसलं. दिसलं म्हणतो, कारण ते हात माझे वाटत नव्हते.

भीतीनं मी तिला छातीशी धरलं आणि दार उघडून बाहेर आलो. कुठे जाणार होतो, माहीत नाही.

जिन्यात दिवा लागला नाही. पावलंही वाजली नाहीत. एकदम तुम्ही दोन पायऱ्या वर उभे दिसलात, अंगात बनियन, चपला हातात. मला वाटलं, आता हेही बोलणार. मी 'सॉरी, सॉरी' सुरू केलं. तुम्ही म्हणालात, 'अरे, तू कधीपासून उभा आहेस?'

तोवर आपलं नातं जिन्यातल्या नमस्कारापुरतं, 'अहो-जाहो'चं. त्या 'अरे'नं माझे गुडघे ढिले पडले.

बसायच्या आधी तुम्ही भराभर विचारून घेतलंत. ताप? नाही. दूध पिते? पिते. लघवी होते? होते. उलटी हिरवी नाही ना? नाही. 'मग तिला पाळण्यात ठेव. उताणी. आत उशी, खेळणं, काही नको.' मी म्हटलं, 'रडेल ती.' तुम्ही म्हणालात, 'रडतेच आहे की.' मी आत जाऊन तिला ठेवलं, दार नुसतं लोटून घेतलं आणि तुमच्या शेजारी पायरीवर बसलो. तुम्ही मनगटावरचं घड्याळ सोडलंत आणि माझ्या तळहातावर ठेवलंत. अंधारात त्याचे काटे हिरवट चमकत होते.

'दहा मिनिटं. तोवर तिच्याकडे माझे कान आहेत. तू फक्त काट्याकडे बघ.'

दादा, पुढे तुम्ही आमच्यासाठी पुष्कळ केलंत. पण मला विचाराल तर सगळं त्या घड्याळात आलं. दहा मिनिटांसाठी कुणीतरी माझ्या हातातलं ओझं काढून त्यात एक वस्तू दिली, जिला सांभाळायला अक्कल लागत नव्हती. ती नुसती धरून बसायची होती. पाच आठवड्यांत पहिल्यांदा माझ्याकडून काही चुकण्याची शक्यता नव्हती.

तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तुम्ही बोललात. समोरच्या भिंतीकडे बघत, हळू आवाजात. 'थोरल्याच्या वेळी मी त्याला पलंगावर आपटणारच होतो. हात वर गेला होता.' (हे लिहू का, असं मी तुम्हाला परवा विचारलं. तुम्ही क्षणभर थांबून म्हणालात, 'लिही. कुणाला तरी उपयोग होईल.') इतकी वर्षं ही गोष्ट तुम्ही कुणाजवळ काढली नव्हती. काढलीत ती माझ्याजवळ, जिन्यात बसून, कारण माझे हात थरथरताना तुम्ही पाहिलेत.

मग तुम्ही समजावून सांगितलंत. तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानानं जड असतं आणि मान कच्ची. रागाच्या भरात काही सेकंद जरी गदागदा हलवलं तरी मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्या तुटू शकतात. दृष्टी जाते, झटके येतात, जीवही जातो. उलट, बाळाला काही दुखणं नाही याची खात्री असेल, तर सुरक्षित जागी ठेवलेलं बाळ दहा मिनिटं रडलं म्हणून त्याला इजा होत नाही. 'हात आवळायला लागले की खाली ठेवायचं,' तुम्ही म्हणालात. 'खाली ठेवलंस म्हणजे सांभाळलंस.'

हे एवढं वाक्य प्रसूतीनंतर घरी सोडताना प्रत्येक बापाला ऐकवायला किती वेळ लागेल? आमच्या हातात फाईल दिली, बिल दिलं, लसीकरणाचं कार्ड दिलं.

दहा मिनिटं झाली. ती रडत होती. काही जादू झाली नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण जादूच्या गोष्टी ऐकून माझ्यासारखे बाप आणखी खचतात. मी आत गेलो, तिला उचललं, रडणं तेच होतं. फक्त माझे हात मला माझे वाटत होते. पुढचा पाऊण तास मी तिला घेऊन फिरलो आणि कधीतरी ती झोपली. बाहेर येऊन पाहिलं तर तुम्ही पायरीवर तसेच बसलेले. घड्याळ द्यायला हात पुढे केला तर म्हणालात, 'राहू दे. तीन महिन्यांची होईपर्यंत तुझ्याकडे राहू दे.'

आणखी एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. रात्री दीड-दोनला अंगात बनियन असलेल्या माणसाच्या हातात घड्याळ कशाला असेल? तुम्ही ते माझ्यासाठी बांधून खाली आला होतात. म्हणजे त्या रात्री अचानक नव्हे, आधीच्या कितीतरी रात्री तुम्ही वर पडल्या पडल्या ऐकत होतात आणि आपण काय करायचं हे ठरवत होतात.

चिठ्ठी लिहिणाऱ्यालाही तोच आवाज ऐकू येत होता. तीच भिंत, तेच रडणं, तीच झोपमोड. त्यांनी पेन शोधलं, तुम्ही चपला हातात घेतल्यात. चांगुलपणा म्हणून ज्याला म्हणतात तो मला तेव्हापासून त्या चपलांत दिसतो. आपल्यामुळे तिसऱ्या माणसाची झोप मोडू नये म्हणून अनवाणी जिना उतरणारा माणूस. अशी माणसं भाषणं करत नाहीत, सल्ले देत फिरत नाहीत, म्हणून ती चटकन दिसत नाहीत इतकंच. पण ती आहेत, आणि त्यांच्या जोरावर कितीतरी घरं उभी राहतात.

नंतर मी थोडं वाचलं. हे आधी वाचलं असतं तर, असं वाटत राहिलं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझल्टन यांनी १९६२ मध्ये ८० बाळांच्या रडण्याच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. दुसऱ्या आठवड्यात दिवसाला साधारण पावणेदोन तास असलेलं रडणं सहाव्या आठवड्याच्या सुमारास पावणेतीन तासांवर जातं आणि मग उतरणीला लागतं. संध्याकाळचं रडणं सगळ्यात जास्त. तीन-चार महिन्यांत बहुतेक बाळं निवळतात. म्हणजे माझी लेक शिखराच्या टोकावर होती, आणि मी समजत होतो की हे असंच वाढत जाणार. तुम्ही 'तीन महिने' म्हणालात ते उगाच नव्हतं, तुम्ही तो घाट चढून उतरलेले होतात.

बापांविषयीही वाचलं. २०१० मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यात गरोदरपणापासून बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात जवळपास दहातल्या एका बापाला नैराश्यानं गाठलेलं आढळलं, आणि तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात सर्वाधिक. दहातला एक! आणि आम्ही एकमेकांना विचारतो, मुलगा की मुलगी, वजन किती, नाव काय ठेवलं.

तुम्हीच सांगितलंत म्हणून मी शर्ट काढून तिला उघड्या छातीवर घ्यायला लागलो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना असं आईच्या अंगाशी ठेवण्याची पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ मध्ये डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, हे मला नंतर कळलं. बापाच्या छातीलाही तीच ऊब असते, हे मात्र पुस्तकाच्या आधी अंगाला कळलं. तिची टाळू माझ्या हनुवटीखाली यायची. डोक्यावरचा तो मऊ भाग ठोक्यागणिक हलताना दिसायचा. कान माझ्या छातीला लावून ती पडायची, आणि तिच्या नाकातून येणारा गरम वारा एकाच जागी, गळ्याच्या खळग्यात लागत राहायचा. ज्या हातांची मला भीती वाटली होती तेच तिच्या पाठीवर असायचे. एक तळहात पुरायचा सगळ्या पाठीला.

घड्याळ त्यानंतर चार वेळा वापरलं. चारही वेळा पाळण्यात उताणी ठेवून, दार लोटून, पायरीवर बसलो. चौथ्या वेळी सहाव्या मिनिटालाच आत गेलो.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एकाला मुलगा झाला. मी त्याला झोपेबद्दल काही बोललो नाही. सहाव्या आठवड्याबद्दल बोललो, हातांबद्दल बोललो. तो बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, 'काल रात्री मी नळ सोडून बाथरूममध्ये बसून होतो.' आम्ही दोघं जिन्यात जाऊन बसलो. आता तो रात्री मेसेज टाकतो, 'जागा आहेस?' आणि मी जागा नसलो तरी उठून उत्तर देतो.

तीन महिने कधीच सरले, दादा. लेक आता आठ महिन्यांची आहे, बसते, आणि तुमचा आवाज जिन्यात आला की दाराकडे सरकते. रविवारी सकाळी तिला घेऊन वर येतो, घड्याळ परत द्यायला. चालू आहे, वेळ बरोबर दाखवतं. पट्ट्यावर मात्र खालच्या दोन दातांच्या बारीक खुणा उमटल्या आहेत. पुसून पाहिल्या, जात नाहीत.

तुमचा,
खालच्या मजल्यावरचा बाप