दुपारी बाराला आमचं सोलर बंद पडतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरावरच्या सोलरच्या जाहिराती रोज बघतो, 'बिल शून्य' वगैरे, म्हणून हे पत्र. आम्ही घाटावरच्या एका तालुक्याच्या गावात राहतो, गेल्या दिवाळीनंतर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं, सूर्यघर योजनेची ७८ हजार सबसिडी पण खात्यात आली, त्याबद्दल काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे.

मार्च उजाडला, ऊन कडक पडायला लागलं, आणि आमचं जनरेशन वाढायच्या ऐवजी कमी झालं! मोबाईलमधल्या ॲपवर रोजचा आलेख दिसतो, सकाळपासून छान डोंगरासारखा चढत जातो आणि साडेअकराच्या सुमारास जी दातं पडायला लागतात ती दोन-अडीचपर्यंत, तुटक्या कंगव्यासारखं दिसतं सगळं. तेरा-चौदा युनिट यायला पाहिजेत तिथे नऊ. आधी वाटलं पॅनलवर धूळ बसली असेल, म्हणून दोन रविवार गच्चीवर चढून धुतले. काही फरक नाही. बायको म्हणाली, "पापड वाळले तेवढं ऊन तर होतं की."

मग इन्व्हर्टरच्या, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेत बदलून लाईनीला जोडणाऱ्या डब्याच्या, डिस्प्लेसमोर भर दुपारी स्टूल टाकून बसलो. व्होल्टेज २४८, २५१, २५४... टक् करून बंद, लाल दिवा, 'ग्रिड ओव्हर व्होल्टेज', म्हणजे बाहेरच्या लाईनीत व्होल्टेज जास्त. मिनिटभर थांबतो, पुन्हा जोडून बघतो, चालू झाला की पुन्हा तेच. तासाभरात मी सतरा वेळा मोजलं. म्हणजे ऊन सगळ्यात जास्त असतं तेव्हाच आमचं सोलर झोपलेलं असतं.

आमच्या भागाचे जुने वायरमन आहेत, त्यांना चहाला बोलावलं आणि विचारलं. त्यांनी पाच मिनिटांत सांगितलं जे सोलर बसवणाऱ्या व्हेंडरने तीन महिन्यांत सांगितलं नव्हतं. आमचं घर डीपीपासून, म्हणजे गल्लीच्या ट्रान्सफॉर्मरपासून, लाईनीवर सगळ्यात शेवटी, पूर्वी संध्याकाळी इथे पंखा पण रडत फिरायचा, म्हणून मागे कधीतरी डीपीचा टॅप, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करायची खाच, वाढवून ठेवलाय. तेव्हा ते बरोबरच होतं. आता गल्लीत सात घरांवर सोलर झालंय, त्यातली पाच एकाच फेजवर, दुपारी कोणाच्या घरी काही चालू नसतं त्यामुळे सगळ्यांची वीज एकदम तारेत जाते, आणि वीज उलटी ढकलायची तर आपल्या टोकाला दाब जास्त लागतो, जेवढी तार लांब आणि बारीक तेवढा जास्त. आपल्याकडे नियम आहे की २३० च्या ११० टक्क्यांवर, म्हणजे २५३ च्या वर व्होल्टेज गेलं की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायचं. इन्व्हर्टर बिचारा नियमाने वागतोय.

व्हेंडरला फोन केला तर म्हणाला, "काका, काही नाही, सेटिंग २७० करून देतो, ट्रिप होणार नाही." मी नाही म्हणालो. त्या २७० वर माझाच नव्हे, शेजारच्यांचा फ्रीज आणि टीव्ही पण चालतो, ज्यांच्याकडे सोलर नाही त्यांनी काय पाप केलंय? पण असं 'सेटिंग' किती घरांत करून दिलेलं असेल देव जाणे.

सोलर लावलेल्या कितीतरी जणांना साध्या गोष्टी पण माहीत नसतात. लाईट गेली की आमच्याकडचे पाहुणे हमखास विचारतात, अहो वर एवढे पॅनल आहेत मग पंखा का बंद? तर ग्रिडला जोडलेलं सोलर लाईट गेल्यावर बंद पडलंच पाहिजे, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या घरातून शॉक बसेल. आमच्या एका शेजाऱ्यांनी नेट मीटर (आत आलेली आणि बाहेर गेलेली वीज वेगवेगळी मोजणारा) यायच्या आधीच हौसेने सोलर चालू केलं, जुन्या मीटरने बाहेर गेलेले युनिट पण वापरात धरले, बिल कमी व्हायचं सोडून वाढलं! आणि 'शून्य बिल' म्हणजे शून्य नाही, स्थिर आकार भरावाच लागतो. जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात हे खरंय, पण ३१ मार्चला उरलेले युनिट ज्या दराने घेतात तो आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो, म्हणून उगाच मोठं सोलर लावू नये.

असो, मुद्दा डीपीचा. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्राहक हक्काच्या नियमांत बदल केला, १० किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीची अट काढून टाकली. चांगलं केलं, लोकांचे हेलपाटे वाचले. पण त्याच नियमात हेही आहे की ५ किलोवॅटपर्यंतच्या सोलरसाठी लाईन, डीपी वगैरे मजबूत करायचं असेल तर तो खर्च वीज कंपनीने करायचा. पहिली अर्धी गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, दुसरी कोणी बोलत नाही. माझं म्हणणं एवढंच, एका डीपीवर पाच-सहा नेट मीटर झाले की कोणीतरी दुपारी बारा वाजता लाईनीच्या शेवटच्या घरी येऊन मीटर लावून व्होल्टेज बघावं. फेज वाटून द्यावेत, टॅप एक खाली घ्यावा. याला कोटी रुपये लागत नाहीत, एक माणूस आणि तासाभराचा शटडाऊन लागतो.

मी लेखी अर्ज दिलाय, ॲपच्या आलेखाचे फोटो जोडलेत, पोच घेतलीय, दीड महिना झाला. दोनदा जाऊन आलो, साहेब मीटिंगला होते.

वायरमन जाता जाता एक युक्ती सांगून गेले ती मात्र चालते, दुपारी घरात लोड टाकायचा म्हणजे व्होल्टेज खाली येतं. त्यामुळे सध्या आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्यावर साडेअकरा वाजले की मेसेज सुरू होतात, कोणी मोटर लावतंय, कोणी वॉशिंग मशीन, समोरच्या काकूंनी तर घरघंटीवर दळण घ्यायची वेळच बदलून बाराची केलीय. काल पीठ दळून होईपर्यंत माझा इन्व्हर्टर एकदाही पडला नाही.

आपला,
एक जुना वाचक आणि वीजग्राहक