साहेब, गटाला 80, मला 38

माननीय तंत्रशिक्षण मंत्री,
स.न.वि.वि.

काल निकाल लागला. प्रोजेक्टला आमच्या चौघांच्या गटाला 80 गुण, आणि त्याच प्रोजेक्टमध्ये मी नापास. मुलांना टीमवर्क यावं म्हणून आपण जे पीअर इव्हॅल्युएशन, म्हणजे गटातल्यांनीच एकमेकांना गुण देणं, सक्तीचं केलंत, त्याची ही करामत.

हिशेब सांगते. प्रत्येकाने बाकी तिघांना दहापैकी गुण द्यायचे. मी भिडेपोटी तिघांनाही 10 दिले. त्यांनी एकमेकांना 10 दिले आणि मला 4. गटाची सरासरी आली साडेआठ. 4 भागिले 8.5, गुणिले 80. वर ढकलून 38. पासिंग 40 ला. त्या तिघांना 94!

ज्या रोबोटवर हे 94 पडले, त्याचा मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटर चालवणारं सर्किट, सबमिशनच्या आदल्या रात्री जळाला. रात्री दोनला मी एकटी सोल्डर करत बसले होते, बोटावरचा डाग अजून आहे. ग्रुपवर एकाचा मेसेज आला, 'झालं का?' सकाळी फोटोत मात्र चौघं. कोणी काय केलं ते रिपोर्टमध्ये लिहू या, एवढंच मी म्हणाले. त्याचे हे 4.

परिपत्रकात होतं, गुण गोपनीय राहतील. सरांनी एक्सेल शीट थेट प्रोजेक्टरवर उघडली. छान गोपनीयता!

पद्धत मुळात वाईट नाही हो. माणसं वाढली की दोर ओढताना प्रत्येकाचा जोर कमी होतो, हे रिंगेलमान नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने 1913 मध्येच छापून ठेवलंय. ऐतखाऊ शोधायलाच हवेत. पण अमेरिकेतली 'कॅटमी' ही अशाच पीअर इव्हॅल्युएशनची प्रणाली नुसता आकडा मागत नाही. सोबती नेमका कसा वागला, ते वर्णनांतून निवडायला लावते. टोळकं आपसात 'अहो रूपम् अहो ध्वनिम्' करत असेल तर शिक्षकाला तशी खूण दाखवते. पुढे शिक्षकाने बघायचं असतं. आमच्याकडे बघणार कोण? सरांच्या गळ्यात साठ मुलं, वर मूल्यांकन समितीच्या फायली. दहातल्या आठ गटांत हेच चालत असणार, मोजलंय कुणी? समिती येते, फॉर्म भरलेले बघते, चहा घेते, जाते. शिकवणं तर केव्हाच आमच्यावर सोडलंत, आता तपासणंही आमच्याच माथी.

माझे गुण पुन्हा तपासा, आणि सरासरीपासून इतका फरक दिसला तर आधी दोन्ही बाजू ऐकायचा नियम करा. फेरपरीक्षेची फी शुक्रवारपर्यंत भरायची आहे. ऑफिसात म्हणाले, प्रोजेक्ट पुन्हा करावा लागेल, पण गट बदलता येणार नाही. ते तिघं तर पास झालेत. मग मी गट कुणाबरोबर करू, तेवढं कळवा.

आपली,
38 गुणांची विद्यार्थिनी