शिकण्यावर विश्वास आणि फोनला मर्यादा

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा जेवताना तू विचारलेला प्रश्न तोंडी उत्तरावर भागवण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र लिहीत आहे. काय शिकायचे आणि कधी शिकायचे हे तुम्ही माझ्यावर सोपवले, गणितसुद्धा माझ्यावर सोपवले, मग रात्री नऊनंतर फोन घ्यायचा की नाही एवढेच का सोपवत नाही, असे तू म्हणालीस. प्रश्न रास्त आहे. ज्या घरात ‘मोठे सांगतात म्हणून’ हे कारण अभ्यासाला चालत नाही, त्या घरात ते फोनलाही चालता कामा नये. तेव्हा माझ्याजवळ जे कारण आहे ते पुरते सांगतो, आणि ते पटले नाही तर तसे सांगण्याचा तुला हक्क आहे.

अनस्कूलिंग, म्हणजे शाळेविना मुलाने आपल्या कलाने शिकणे, हा शब्द रूढ करणारे जॉन होल्ट हे अमेरिकेतील शिक्षक होते. वर्गात मुलांकडे बारकाईने पाहताना त्यांच्या लक्षात आले की बरीचशी मुले प्रश्नाचा विचार करण्याऐवजी शिक्षकाचा चेहरा वाचत बसतात, कारण उत्तर चुकण्याची त्यांना भीती वाटत असते. मुलांना शिकायला लावावे लागत नाही, भीती आणि सक्ती दूर केली की ती आपणहून शिकतात, या निष्कर्षापर्यंत ते आले, आणि १९७७ साली त्यांनी शाळेविना वाढणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी एक नियतकालिकही सुरू केले. तुझी आई आणि मी तुला शाळेत घातले नाही ते याच विश्वासाने, आणि तो विश्वास आजही तसूभर कमी झालेला नाही.

तो का टिकला, याचे उदाहरण तूच दिले आहेस. पावसाळा संपताना न्हाणीघराच्या खिडकीवर कुंभारीण माशीने मातीचे मडके बांधायला घेतले, तेव्हा तू स्टूल ओढून तिथेच बसलीस. मग फोनवर तिचा व्हिडिओ शोधलास, तो मध्येच थांबवलास, पुन्हा खिडकीशी गेलीस आणि म्हणालीस, “बाबा, यातली माशी कोळी आणून भरते आहे, आपली तर हिरव्या अळ्या आणते आहे.” दोन्ही मातीचीच घरटी बांधणाऱ्या, पण जाती वेगळ्या, हे तुला कोणी सांगितले नव्हते. व्हिडिओने तुला खिडकीकडे परत पाठवले आणि खिडकीने व्हिडिओवर शंका घ्यायला शिकवले. अशा फोनला मी मर्यादा का घालू? घातलेलीही नाही.

आता त्याच फोनवरचे यूट्यूबचे शॉर्ट्स घे. एक चित्रफीत संपण्याआधी अंगठा वर सरकतो, मांजर जाते, केक येतो, केक कापून होण्याआधी कोणीतरी नाचू लागते, आणि तासाभराने काय पाहिलेस असे विचारले तर तुला एकही धड आठवत नाही. यात तुझ्या मनाचा कमकुवतपणा नाही, मोठ्या माणसांचेही हेच होते. पुढे काय दाखवायचे हे तू कशावर किती वेळ थबकलीस त्यावरून यंत्र ठरवते, आणि कंपनीचे उत्पन्न जाहिरातींवर असल्यामुळे तू उठून जाऊ नयेस यातच तिचे हित असते. पुस्तकाला शेवटचे पान असते, चित्रपट संपतो, पाच दिवसांचा कसोटी सामनासुद्धा संपतो. या प्रवाहाला मात्र शेवट ठेवलेलाच नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, मूल आपणहून शिकते तेव्हा त्याच्या हाती काही गोष्टी असाव्या लागतात: स्वतः निवडणे, कंटाळणे, थांबणे, मागे वळून पुन्हा पाहणे. कुंभारणीच्या वेळी या सगळ्या तुझ्या हाती होत्या. शॉर्ट्समध्ये निवड यंत्राकडे जाते आणि कंटाळा येण्याआधीच पुढची फीत सुरू होते. तिथे मी जी मर्यादा घालतो ती तुझ्या शिकण्यावर नसून, ते ज्याच्या आधाराने चालते ते राखण्यासाठी आहे.

अनस्कूलिंग करणाऱ्या सगळ्याच पालकांना हे मान्य नाही, हे तुला ठाऊक असावे. खाणे, झोप, टीव्ही, खेळ यांपैकी कशावरही बंधन नको, बंधन घातले की तीच गोष्ट जास्त हवीशी वाटते, असे मानणारी घरे आहेत. त्यांचे दोन मुद्दे मी पूर्णपणे स्वीकारले आहेत: स्क्रीन बक्षीस म्हणून द्यायची नाही की शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाही, आणि मुलाला जे आवडते त्याला नाक मुरडायचे नाही. परंतु होल्ट १९८५ साली वारले, पहिला आयफोन २००७ साली आला आणि शॉर्ट्स २०२० साली. या यंत्राबद्दलचे उत्तर त्यांच्या लिखाणात शोधण्यापेक्षा आपण स्वतः विचार करणे बरे.

शिक्षणावर प्रयोग करणारे सुगत मित्रा यांनी १९९९ साली दिल्लीत कालकाजी येथे भिंतीत बसवलेला संगणक या वादात नेहमी पुढे केला जातो. वस्तीतली मुले कोणी न शिकवता तो वापरू लागली, हे खरेच आहे. पण तो संगणक उघड्यावर होता, एकाचा हात यंत्रावर असला तरी भोवतीची बाकीची सूचना देत होती, आणि झोपायला जाताना तो उशाशी नेता येत नव्हता. मुलांच्या शिकण्यात या गोष्टींचाही वाटा होता असे मला वाटते.

आपल्याकडे सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याची प्रथा पाडली. तो वेळ पाठ्यपुस्तकांना द्यावा हे मला तितकेसे रुचत नाही. पण भोंगा वाजल्यावर मोठ्यांनीही फोन बाजूला ठेवायचा, हे मला फार मोलाचे वाटते. म्हणून आपल्या घरातही नऊनंतर चार्जरला लागतात ते तिघांचे फोन, आणि तेही बैठकीच्या खोलीत. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तासांची झोप लागते, आणि दिवसभरात शिकलेले झोपेत मनात पक्के होते. झोप तोडणे म्हणजे शिकणेच तोडणे होय.

तासांची मोजणी मी करत नाही, करणारही नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेसुद्धा २०१६ साली तुझ्या वयाच्या मुलांसाठी दोन तासांचा जुना ठोकताळा सोडून दिला. माइनक्राफ्ट या खेळातला तुझा रेडस्टोनचा दरवाजा जुळायला अख्खी दुपार लागली तर लागू दे. शॉर्ट्स तुझ्या फोनवर नकोत, व्हिडिओ आपोआप पुढे सुरू होण्याची सोय बंद असावी आणि रात्री फोन बाहेर असावा, एवढेच माझे मागणे आहे.

राहिला न्यू जर्सीच्या तुझ्या आतेबहिणीचा प्रश्न. तिची सकाळ म्हणजे आपली रात्र, आणि तुम्ही दोघी मिळून जी चित्रकथा काढत आहात ती नऊच्या नियमापायी अडावी असे मला अजिबात वाटत नाही. शनिवारी रात्री साडेदहापर्यंत बैठकीच्या खोलीत लॅपटॉपवर बसावे, असे मी सुचवतो. तिला विचारून वेळ नक्की कर आणि आईच्या कानावर घाल. आणखी काही बदल हवा असेल तर याच पत्राच्या मागे लिहून दे.

तुझा,
बाबा