यंदा मी काय सोडलं

प्रिय आई-बाबा,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

बाबा, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला त्या राखेच्या बुधवारी तुम्ही फोनवर विचारलंत, "यंदा काय सोडलंस?" आणि मी "नंतर सांगते" म्हणून विषय बदलला. त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सेच्या उपासनेत बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचला होता. उपवास करणाऱ्यानं तोंड उतरवून हिंडू नये, डोक्याला तेल लावावं, तोंड धुवावं, म्हणजे त्याचा उपवास फक्त देवाला दिसेल. वाटलं, गप्पच राहावं. पण जे सोडलंय त्याचा संबंध तुमच्याशीच आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय माझं प्रायश्चित्त पुरं होणार नाही.

आई, जानेवारीतल्या एका रात्री तू बोलत होतीस आणि मी तुला स्पीकरवर टाकून त्याच फोनवर कुणाकुणाचे फोटो बघत होते. अंगठा सरकत होता, मागे तुझा आवाज चालू होता. मध्येच तू थांबलीस. "ऐकतेयस ना गं?" मी म्हटलं, "हो, बोल ना." तू बोललीस, मी "बरं, छान" म्हटलं आणि फोन ठेवला. चर्चमध्ये उभं असताना बाबांना गरगरलं, बाकाला धरून खाली बसावं लागलं, हे तू मला तेव्हाच सांगितलं होतंस. मला ते कळलं चार दिवसांनी, दादाकडून. मला कुणी कळवलं का नाही म्हणून मी त्याच्यावरच चिडले. तो एवढंच म्हणाला, "आईनं सांगितलंय तुला."

ते "छान" ऐकून तुला काय वाटलं असेल? तू आजवर बोलून दाखवलं नाहीस. आई, मला माफ कर.

लहानपणी सोडणं सोपं होतं. गोड सोडलं की झालं. एका वर्षी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले तर राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारपर्यंत ४६ भरले. तुम्ही ४० सांगता आणि ६ दिवस जास्त घेता, म्हणून मी रडकुंडीला आले होते. बाबा, तुम्ही पेन्सिल घेऊन सहा रविवारांभोवती गोल काढलेत. रविवार पुनरुत्थानाचा, तो उपवासात धरत नाहीत, म्हणालात. आणि गोडाचे वाचलेले पैसे माझ्याच हातानं दानपेटीत टाकायला लावलेत. "खिशात राहिले तर ती नुसती बचत झाली." पुढे बायबलमधला यशयाचा ५८ वा अध्याय वाचला आणि तुमचं ते बोलणं कुठून आलं होतं ते कळलं. भुकेल्याला आपली भाकर वाटून द्यावी, देवाला हवा असलेला उपवास तो, असं तिथं आहे.

तर यंदा रात्री आठनंतर फोन फक्त बोलण्यापुरता. मालिका बघण्याची वर्गणी बंद केली, ते पैसे दानपेटीत जातात. आणि तुमच्याशी बोलताना हातात दुसरं काहीही नाही, हे तर ईस्टरनंतरही.

पहिला आठवडा फार जड गेला. चहाचं पाणी उकळेपर्यंतच्या दोन मिनिटांतही हात आपोआप ओट्यावर फोन चाचपायचा. येशूनं रानात ४० दिवस उपवास केला, आणि त्याला भूक लागली तेव्हा सैतान जवळ आला. मला भूक कशाची होती? शांत बसलं की तुमची काळजी वर यायची, ती नको असायची. आता ती येते, आणि मी तिच्यासकट प्रार्थनेला बसते. नीट जमतं असं नाही. शुक्रवारी येशूच्या दुःखांचं स्मरण करत केलेल्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत चौदा स्थानांपैकी पाच-सहा स्थानांवर मन भलतीकडेच असतं. पण चर्चमध्ये वेदीवर फुलं नाहीत, आलेलुयाचा जयघोष नाही, हे इतकी वर्षं डोळ्यांसमोर असून यंदा मला खरंच जाणवलं. ती शांतता मला आवडू लागली आहे.

आता बाबा, तुमच्याबद्दल. त्या बुधवारी तुम्ही पुन्हा एका जेवणावर राहिलात, सकाळची गोळीही उपाशीपोटी घेतलीत, हे आईकडून कळलं. (या वेळी मी ऐकत होते.) चर्चच्या नियमानं उपवास १८ ते ५९ वर्षांपर्यंतच्यांना, आणि आजारी माणसाला तर कुठल्याच वयात सक्ती नाही. हे तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. मांस वर्ज्य करा, जपमाळ वाढवा, पण उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, वेळेवर जेवा. आणि काही सोडायचंच असेल तर "मला काही झालेलं नाही" हे म्हणणं सोडा. डॉक्टरांकडे जायची तारीख ठरवा, मी सुट्टी टाकून येते.

रविवारी मिस्सेनंतर फोन करते. आई, चर्चमध्ये बाबांना गरगरल्यानंतर काय काय झालं, कोण धावून आलं, तू काय केलंस, ते मला पहिल्यापासून सांग.

तुमची,
लेक