नाकेबंदीतला गोवा

संपादक महोदय,

गोवा मुक्तिलढ्यावरील लेखांत १९५५ची आर्थिक नाकेबंदी एका ओळीत उरकली जाते. पोर्तुगीज गोव्याची चूल पेटायची ती शेजारच्या मुलखावर. भाजीपाला घाटावरून यायचा, पैसा मुंबईत राबणाऱ्या गोवेकरांकडून. तिथल्या धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गोवेकरांच्या सामूहिक बिऱ्हाडांत, ट्रंका टेकवून खलाशी जहाजाची वाट बघत. भारताने सीमा आवळली, गोव्याला भारताशी जोडणारी कॅसलरॉक-कुळे रेल्वे थांबली. तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने बटाटे चक्क हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून आणवलं! हे परवडलं ते लोहखनिजाच्या निर्यातीमुळे. गोवा उपाशी राहिला नाही, पण झळ बसली ती सोयरिकींना. सावंतवाडीला दिलेल्या, गोव्यातल्या पेडण्याच्या लेकीला माहेर परदेश झालं. यावर कुणी सविस्तर लिहील का?

– एक वाचक, सावंतवाडी